धुराचे तोंड

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो मला नायगाऱ्याविषयी विचारतो. नायगारा मी पाहिला, भिजलो, थक्क झालो. पण खरे सांगायचे तर त्या प्रवासातून जी गोष्ट मी मनात धरून आणली ती नायगारा नव्हे. ती होती एका बसगाडीच्या बुडाशी बसवलेली, वीतभर लांबीची, चकचकीत पोलादी नळी. धबधब्यापुढे मी उभा होतो अर्धा तास. त्या नळीपुढे मी अजून उभा आहे.

आमचे मावसभाऊ (मी त्यांना दादाच म्हणतो) ओहायो राज्यात राहतात. उभा जन्म यंत्रांच्या कारखान्यात काढून ते निवृत्त झाले, आणि निवृत्त माणसे आपल्याकडे काशीला जातात तसे त्यांनी एक जुनी बसगाडी विकत घेतली. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनीच तिकीट पाठवून मला बोलावले. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला शाळामास्तर, चारदोन कादंबऱ्या लिहिलेला; यंत्रांशी माझा संबंध सायकलच्या पंपापुरता. पण दादांना हाताखाली एक बिनपगारी माणूस हवा होता, आणि वहिनींना त्यांच्या तावडीतून सुटका हवी होती.

जुन्या बसगाडीचे घर करून हिंडण्याचा शौक त्या देशात बराच रुजलेला आहे. ग्रेहाउंड कंपनीसाठी १९५४ ते १९५६ या काळात ‘सीनिक्रूझर’ नावाच्या, मागचा भाग उंच केलेल्या १००१ गाड्या बांधल्या गेल्या. उतारूंची ने-आण करून त्या म्हाताऱ्या झाल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींच्या बाकांच्या जागी पलंग, शेगडी आणि न्हाणीघर आले. दादांची गाडी त्यांच्यामागून जन्मलेली, पण त्याच कुळातली: ४० फूट लांब, मागच्या पोटात आठ सिलिंडरांचे दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन, आणि आत वहिनींनी लावलेल्या फडताळात पोह्यांपासून गोडा मसाल्यापर्यंत सारे काही. देवघरसुद्धा होते, ते मात्र ब्रेक दाबताच हलू नये म्हणून स्क्रूने बसवलेले होते.

मी पोचलो त्या दिवशी दादा गाडीखाली निजलेले होते. तिथूनच म्हणाले, “आलास? बरे झाले. आपल्याला टीप बदलायची आहे.”

आम्हां मास्तरांच्या लेखी टीप पानाच्या तळाशी असते. ही बसच्या तळाशी होती. इंजिनातला धूर सायलेन्सरमधून ज्या नळीने बाहेर पडतो, तिच्या अगदी टोकाला बसवलेला तुकडा म्हणजे टीप. तिने इंजिनाची ताकद वाढत नाही, डिझेल वाचत नाही. जुनी टीप गंजून कडेने पापुद्र्यासारखी सुटली होती. साध्या लोखंडाची नळी आतून धुरातल्या पाण्याने आणि बाहेरून रस्त्यावरच्या मिठाने खाल्ली जाते. बर्फ वितळावे म्हणून तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात.

नवी टीप घ्यायची तर मूळ नळीचे बाहेरचे माप हवे. दादा मोजपट्टी शोधू लागले, पण इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी नळीभोवती दोरा गुंडाळला, तो पट्टीवर धरला: साडेबारा इंच आणि वर अर्धे सूत. त्याला बावीस-सप्तमांशाने भागले. व्यास चार इंच. आयुष्यभर मुलांच्या पाठीवर थापलेले ते सूत्र प्रथमच कुणाच्या तरी उपयोगी पडले. दादांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि त्या क्षणापासून मी त्या उद्योगात भागीदार झालो. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा दोष एकट्या दादांचा नाही.

जुना तुकडा करवतीने कापण्यात एक सबंध दुपार गेली. नवी टीप स्टेनलेस पोलादाची, आतून मूळ नळीवर सरकेल इतपतच सैल, कडा बाहेरून वळवलेल्या, तोंड तिरके कापलेले. अशा टिपांचे किती प्रकार! सरळ, तिरक्या, खाली वाकलेल्या, चोचीसारख्या, कुणी वर आपली आद्याक्षरे कोरून घेतलेल्या. क्रोमचा मुलामा दिलेली अधिक चमकते, पण मुलामा फुटला की आतला गंज डोके वर काढतो. स्टेनलेसची तऱ्हा निराळी. ती तापली की प्रथम गव्हाच्या काडीसारखी पिवळसर होते, मग जांभळी, मग निळी. पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्याच्यावर खेळतात. दादा म्हणाले, “बघ, धुरानेसुद्धा रंग चढतो.” मला ते वाक्य इतके आवडले की मी ते वहीत टिपून ठेवले.

पण टीप बदलण्यामागे केवळ हौस नव्हती. बसच्या मागे दादा आपली छोटी मोटार दांडीला जोडून ओढत नेतात. मुक्कामी बस उभी करायची आणि बाजारहाटाला ती मोटार घ्यायची, अशी तिकडची रीत आहे. आजवर नळीचे तोंड सरळ मागे होते, त्यामुळे शे-दोनशे मैलांच्या प्रवासानंतर त्या पांढऱ्या मोटारीच्या तोंडाला काजळी फासलेली असे. दादांनी म्हणून यंदा कोपरा देऊन नवी टीप बाजूला वळवली. उजवीकडे वळवणे शक्य नव्हते. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून बसचे दार उजवीकडे असते, आणि मुक्कामी दारापुढे कनात ताणून खुर्च्या मांडतात. आपल्याच खुर्च्यांवर धूर कोण सोडील? तेव्हा टीप डावीकडे वळवली. मी बॅटरी धरली, दादांनी पट्टा आवळला. मोटार आता पांढरी राहणार होती, आणि आम्ही दोघे आपल्या अकलेवर खूश होतो.

दोन दिवसांनी आम्ही एरी सरोवराच्या काठच्या एका तळावर मुक्कामाला गेलो. अशा तळांवर गाड्या एकाच दिशेला तोंड करून, शाळेतल्या रांगेसारख्या उभ्या असतात. प्रत्येकीचे दार उजवीकडे, प्रत्येकीचे अंगण उजवीकडे. वाचकांनी क्षणभर डोळे मिटून ही रांग डोळ्यांपुढे आणावी. ज्याला मी माझी डावी, निरुपयोगी बाजू समजतो, तिला लागून माझ्या शेजाऱ्याचे अंगण असते.

हे मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळले. त्या दिवशी गाडी तळाच्या टोकाच्या हौदापर्यंत नेऊन सांडपाणी रिकामे करायचे होते. जुन्या बसला सकाळी दोन गोष्टी लागतात. एक तर थंड इंजिन तापावे लागते, आणि तोवर ते पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर ओकते. दुसरे म्हणजे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रीतून हवा गळून गेलेली असते, ती टाक्यांत पुरेशी भरल्याखेरीज चाके सुटतच नाहीत. म्हणजे दहा-बारा मिनिटे गाडी जागच्या जागी घुरघुरत राहणार. मी सहज मागे गेलो, नव्या टिपेवर पिवळी झाक चढली का ते पाहायला.

डावीकडच्या कनातीखाली एक वृद्ध बाई कॉफीचा पेला घेऊन सरोवराकडे पाहत बसल्या होत्या. आमच्या नळीचे तोंड थेट त्यांच्याकडे होते. धूर आला तशी त्यांनी काही केले नाही. फक्त बशी उचलून पेल्यावर झाकण ठेवले. मग खुर्ची उचलून दोन हात पलीकडे नेली. माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणाल्या, आणि खोकल्या.

त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते. भांडणाला उत्तर देता येते. त्या बशीला काय उत्तर देणार?

मी दादांना सांगितले. ते कायद्याचे पक्के आहेत. म्हणाले, “आपण कोणताही नियम मोडलेला नाही.” आणि ते खरेच होते. त्या देशात डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी बसचा धूर कुठे सुटावा याचा नियम आहे: बसच्या मागच्या टोकापासून १५ इंचांच्या आत, किंवा निदान उघडणाऱ्या सर्व दारांखिडक्यांच्या मागे. दादांची गाडी आता उतारू नेत नसली तरी त्यांनी टीप त्याच मापाने बसवली होती.

मला मात्र त्या मापाने विचारात पाडले. तो नियम शहाणपणाचा आहे. त्याने बसमधल्या माणसांचे प्राण राखले जातात. पण तो सारा नियम बसच्या आत बसून लिहिलेला आहे. त्याला चिंता आतल्या माणसाची. तिथल्याच राष्ट्रीय उद्यानांत आवाजाचा नियम आहे, तो पाहा: यंत्राचा आवाज ५० फुटांवरून मोजायचा आणि तो ६० डेसिबलांच्या वर जाता कामा नये. म्हणजे आवाज मोजणारा माणूस पन्नास पावलांचे कष्ट न घेता का होईना, पन्नास फूट चालत जातो आणि ऐकणाऱ्याच्या जागी उभा राहतो. धूर मोजणारा मात्र आपल्याच गाडीच्या बुडाशी पट्टी लावतो. नीतीचे दोन प्रकार मला या दोन मापांत दिसले. एक विचारते, ‘माझ्यापासून हे दूर गेले ना?’ दुसरी विचारते, ‘हे जाऊन पोचले कुठे?’ आपण बहुतेक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की समाधानाने झोपी जातो.

दादांना दोष देण्याचा अधिकार मला नव्हता, कारण मला आमचे स्वयंपाकघर आठवले. सातारा जिल्ह्यातले आमचे घर. चूल, आणि चुलीवर पत्र्याचे धुराडे. माझ्या लहानपणी आई उन्हाळ्यात माळवदावर कुरडया वाळत घाली आणि आमच्याच धुराड्याची काजळी त्यांवर पडे. वडिलांनी एका रविवारी धुराड्याला पत्र्याचा कोपरा बसवून तोंड फिरवले. कुरडया पांढऱ्याशुभ्र राहिल्या. वडील दादांइतकेच खूश झाले. आठ दिवसांनी शेजारच्या काकू तळलेल्या कुरडयांचे ताट घेऊन आल्या. म्हणाल्या, “घ्या वहिनी, तुमच्याच घरच्या आहेत म्हणा ना. आमचे पीठ, तुमची काजळी.” आई हसली, वडील हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी धुराडे चार हात उंच केले. मग धूर काकूंच्या माळवदावरून पलीकडे गेला. पलीकडे कुणाचे माळवद होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

आमच्या वडिलांनी जे चार हातांनी केले ते मोठ्या राष्ट्रांनी शेकडो हातांनी केले आहे. कॅनडातील सडबरी या खाणींच्या गावी धातू गाळण्याच्या भट्ट्यांमधून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने आसपासचे डोंगर बोडके झाले होते. तिथे ३८१ मीटर उंचीचे धुराडे बांधले; ते १९७२ साली धूर ओकू लागले. गावातली हवा सुधारली, आणि गंधक वाऱ्यावर बसून लांबच्या मुलखांत जाऊन उतरू लागले. आम्लाचा पाऊस हा शब्द जगाला अशाच अनुभवांनी शिकवला. धुराडे उंच केल्याने धूर संपत नाही. फक्त ज्याला तो लागतो त्याचे नाव आपल्याला ठाऊक राहत नाही. आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्याविषयी मनाला टोचणीही लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही फार ताणता. चूल पेटवायची नाही का? गाडी हाकायची नाही का? माणूस जगतो म्हणजे कुणाला तरी त्याचा उपद्रव होतोच. दिशा दहाच आहेत आणि त्या दाही दिशांना माणसे राहतात. हा आक्षेप मला मान्य आहे. धूरच न करण्याची प्रतिज्ञा करणारा माणूस एक तर संन्यासी असतो किंवा दुसऱ्याच्या चुलीवर जेवत असतो. पण त्यातून ‘मग काहीच करू नये’ असे निघत नाही. धुराचे तीन उपाय आहेत: तो कमी करणे, तो वळवणे, आणि तो जिथून निघतो ते तोंड सुशोभित करणे. पहिल्याला कष्ट पडतात, दुसऱ्याला अक्कल लागते, तिसऱ्याला पैसे. आणि मौज अशी की आपण तिसरा उपाय करून पहिला केल्याचे समाधान मानतो.

डिझेलचा धूर ही केवळ झोंबणारी वस्तू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली त्याची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या निश्चित कारणांत केली. हे ठाऊक असलेल्या जगाने काही पहिल्या प्रकारचे उपायही केले आहेत. अमेरिकेत २००७ सालापासूनच्या नव्या जड डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली. त्याआधी डिझेलमधले गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणले गेले. ही गाळणी भरली की आतली काजळी जाळून टाकावी लागते, आणि तेव्हा आतला वायू सहाशे अंशांच्या आसपास तापतो. म्हणून अशा कित्येक गाड्यांच्या टिपेला मुद्दाम फट ठेवतात. वेगाने जाणारा वायू त्या फटीतून बाहेरची थंड हवा ओढून घेतो आणि स्वतः निवत बाहेर पडतो. व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव त्या क्रियेला आहे. दादांनी मला शेजारच्या रांगेतली तशी टीप दाखवली. दिसायला ओबडधोबड, पण मला ती फार सुंदर वाटली, कारण ती बाहेरच्या माणसासाठी घडवलेली होती: जो मागून चालत जाईल त्याचा पाय भाजू नये, वाळले गवत पेटू नये. काही हौशी लोक ती काढून तिथे चकचकीत बिनफटीची बसवतात, असे दादा म्हणाले. दुसऱ्यासाठी ठेवलेली जागा बुजवून तिथे आपली शोभा लावायची, याहून नेमके उदाहरण वर्गात सांगायला मला सापडले नसते.

हे बोलता बोलता दादा गप्प झाले. दुपारभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठले आणि पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. मी बॅटरी धरली. त्यांनी कोपरा काढला आणि टीप पुन्हा सरळ मागे वळवली. मग गावात जाऊन विजेवर चालणारा एक लहानसा हवेचा पंप आणला. तो जोडला की इंजिन न लावताच ब्रेकच्या टाक्या भरतात. इंजिन तापवणारा विजेचा हीटर गाडीला होताच, तो रात्री लावून ठेवायचा आळस तेवढा सोडायचा होता. सकाळी पाचच्या ठोक्याला पंप घरघरला, इंजिन कोमट होते, आणि कळ दाबल्यावर तीन मिनिटांत गाडी हलली. धूर झालाच, पण दहा-बारा मिनिटांचा तीन मिनिटांवर आला, आणि तो कुणाच्या कनातीत शिरला नाही.

ज्यांच्यासाठी हे केले त्या बाई मात्र आदल्या दुपारीच तळ सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक रिकामा चौकोन होता आणि गवतावर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा. आमची सुधारणा पाहायला कुणी नव्हते. दादांना त्याचे थोडे वाईट वाटले, मलाही वाटले. चांगुलपणाला साक्षीदार हवा असतो, ही त्याची एक खोडच आहे. नायगाऱ्याला पोचलो तेव्हा मागच्या पांढऱ्या मोटारीचे तोंड काजळीने काळे झाले होते. धबधब्याच्या गावी, इतक्या पाण्याशेजारी, मी एक बादली आणि फडके घेऊन ती पुसत बसलो. आपला धूर आपल्याच दाराशी आला की निदान तो किती आहे हे कळते.

परत आलो आणि दिवाळी आली. आमच्याकडे नरकचतुर्दशीला अजून तांब्याचा बंब पेटतो. एरवी वर्षभर विजेवर पाणी तापते, पण त्या पहाटे बंबाच्या पाण्यावाचून अभ्यंगस्नान झाल्यासारखे वाटत नाही. बंब अंगणात, आणि अंगणाला लागून शेजाऱ्यांची खिडकी. गेल्या वर्षी बंब पेटवला आणि मुलांना उठवायला जाण्याऐवजी मी भिंतीला वळसा घालून शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. वीस वर्षांत प्रथमच. आमचा धूर शिस्तीत, एका रेषेत, त्यांच्या स्वयंपाकघरात शिरत होता. आत वहिनी करंज्यांचे डबे लावत होत्या. मला पाहून दचकल्या, मग म्हणाल्या, “भाऊजी, एवढ्या पहाटे?”

मी म्हणालो, “आमचा धूर कुठे जातो ते पाहायला आलो.”

त्या हसल्या. “दरवर्षीच येतो की! त्यावरूनच आम्हांला कळते, तुमच्याकडे उठले म्हणून.” आणि एक करंजी हातावर ठेवली.

ते खरेच बोलल्या की त्या बाईंनी ठेवली तसली ही एक बशी होती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. शेजाराला धुराचेही नाते असते, हे खरे. काकूंच्या कुरडयांत ते होते. पण त्या नात्याच्या भरवशावर धूर सोडत राहणे बरे नव्हे. यंदा मी बंब मागल्या परसात हलवला आहे. परसाच्या भिंतीपलीकडे अलीकडेच कुणी नवे बिऱ्हाड आले आहे. चतुर्दशीच्या आधी एकदा तिकडे जाऊन यायला हवे.